जुनी येझदी घरी दुरुस्त करून विकताना : आधी कागद, मग इंजिन, शेवटी रंग

गोरेवाडा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घराच्या पडवीत अनेक वर्षे बंद उभी असलेली येझदी रोडकिंग मी घरीच दुरुस्त करीत आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर विकायची असे कुटुंबात ठरले आहे. गाडी माझ्या दिवंगत काकांच्या नावावर आहे. चुलतभावंडे पुण्यात आणि रायपूरला असतात, त्यांच्यापैकी कोणी ती चालवणार नाही, आणि ती पुन्हा पडवीत गंजत राहावी असे आम्हां कोणालाच वाटत नाही. या कामात आजवर जे समजले ते मंचावरील या धाग्यात मांडतो. विक्रीबाबत मात्र मला जाणकारांचे मत हवे आहे.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून मोटारसायकली तयार होत होत्या, रोडकिंग हे मॉडेल १९७८ साली आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. सुमारे २५० सीसीचे टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारे इंजिन, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, आणि किकचाच दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो, अशी तिची रचना आहे. २०२२ साली येझदी नावाने ज्या नव्या गाड्या आल्या त्यांचे सुटे भाग या गाडीला चालत नाहीत; त्यामुळे सगळी भिस्त जुन्या साठ्यावर, नव्याने बनवल्या जाणाऱ्या नकली भागांवर आणि ही गाडी हाताखालून गेलेल्या जुन्या मिस्त्रींवर आहे. असे मिस्त्री नागपुरात आता थोडे उरले आहेत, आणि त्यांच्या हातातील कसब पुढच्या पिढीकडे जाताना दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मी पान्याला हात लावण्यापूर्वी आरसी पुस्तक, चेसिसवरील (गाडीच्या सांगाड्यावरील) क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळवून पाहिले, आणि माझ्या मते प्रत्येकाने येथूनच सुरुवात करावी. गाडी कितीही देखणी झाली, तरी पुस्तकातील क्रमांक आणि लोखंडावरील क्रमांक यांत एका आकड्याचा फरक असेल, तर ती कायदेशीररीत्या विकता येत नाही आणि केलेला सगळा खर्च अडकून पडतो. क्रमांकावरील गंज काढताना ग्राइंडर किंवा खरखरीत पेपर वापरू नये. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके आणि पितळी ब्रश पुरेसा होतो. क्रमांक घासला गेला तर तो मुद्दाम खोडल्याचा संशय येतो, आणि त्यानंतरचे स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही.

गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे, प्रत्येक जोडाचे आणि विशेषतः वायरिंगचे फोटो काढून ठेवले. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर नाव लिहिले. बंद इंजिनाला किक मारण्याचा मोह होतो, तो टाळावा. प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून ते मुरू द्यावे, मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढेमागे करावे. पिस्टनवरील रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असताना जोर केला तर रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरला ओरखडे पाडतो. आमचे इंजिन सुदैवाने फिरले, पण ऑइल सील इतके वाळले होते की बोटाने दाबताच त्यांचा भुगा झाला. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या गाडीचे रबर टिकत नाही. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचा जोड, फोर्कचे सील, ब्रेकच्या केबलींची टोके, हे सगळे बदलायचे आहे असे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

ब्रेक उघडताना एक काळजी अवश्य घ्यावी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, म्हणून ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

टाकीतील गंज मी सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने काढला. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळते तेच हे. द्रावण रात्रभर ठेवले, मग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळली, तत्काळ वाळवली आणि आतून ऑइलचा पातळ थर दिला. विसळल्यावर टाकी उघडी ओली ठेवली तर तासाभरात नवा तांबूस गंज चढतो. टाकीचा नळ आणि त्याची जाळीही याच वेळी साफ केली, कारण कार्बोरेटरमध्ये कचरा जाण्याचा मार्ग तोच आहे.

इंजिनाचा खालचा भाग उघडण्याचे काम मात्र माझ्या हाताबाहेरचे आहे. क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या भागात, कनेक्टिंग रॉडचा खडखडाट स्पष्ट ऐकू येतो. हे काम कोणत्या प्रकारच्या कारखान्यात द्यावे, देताना काय सांगावे आणि काय तपासून घ्यावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न रंगाचा. आरसीवर काळा रंग नोंदलेला आहे. टाकीवरील मूळ काळा रंग आणि सोनेरी रेघा फिकटल्या असल्या तरी शाबूत आहेत, मात्र दोन्ही मडगार्ड आणि बाजूचे डबे गंजले आहेत. सगळी गाडी नव्याने रंगवली तर ती अधिक किमतीला जाईल का?

लेथवाला

गोरेवाडा भाऊ, क्रमांक आधी जुळवलेत हे फार योग्य केलेत. हिंगणा रस्त्याच्या बाजूला माझे लेथचे काम आहे आणि जुन्या टू-स्ट्रोकचे क्रँक व सिलिंडर माझ्याकडे नियमित येतात, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

या इंजिनाचा क्रँक अखंड नसतो, तो दोन बाजूंचे जाड गोल आणि मधली पिन दाबून जोडलेला असतो. रॉड किट बदलायचे म्हणजे ही पिन प्रेसवर काढायची, नवी बसवायची आणि मग दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या. हातोडीने पिन ठोकणाऱ्याला हे काम देऊ नये. क्रँक दोन सेंटरांमध्ये धरून डायल गेजवर फिरवून दाखवा, असे आपण आग्रहाने सांगावे. काट्याची हालचाल ०.०३ मिलीमीटरच्या आत असावी. त्याहून जास्त असेल तर गाडी सुरू होईल, चालेलही, पण पावठ्यांवर पायांना मुंग्या येतील आणि नवी बेअरिंग लवकरच आवाज करू लागतील.

बोअर करण्यापूर्वी, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यापूर्वी, पिस्टन विकत घ्यावा आणि तोच पिस्टन सिलिंडरसोबत कारखान्यात द्यावा. कित्येक जण सिलिंडर आधी ओव्हरसाइज करून आणतात आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधत फिरतात. नव्याने बनणारे पिस्टन डब्यावर लिहिलेल्या मापाचे नेमके असतातच असे नाही, त्यामुळे माप डब्यावरून नव्हे, तर हातातील पिस्टनला मायक्रोमीटर लावून घ्यायचे असते. मिस्त्री ०.२५ मिलीमीटर सोडून थेट ०.५० मिलीमीटर मोठा करायला सांगत असेल, तर ओरखडा खरोखर तेवढा खोल आहे का, हे स्वतः बोट फिरवून पाहावे. सिलिंडरचे लोखंड एकदा गेले की परत येत नाही, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने कमी कापलेला सिलिंडर म्हणजे पुढची कित्येक वर्षे आहेत.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते आणि त्यामुळे नवे काम वाया जाते. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर जाण्यायेण्याची भोके असतात. बोअर केल्यावर त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार होतात. त्या कडा हाताने हलक्या गोल केल्या नाहीत, तर रिंग त्यात अडकून तुटते. रिंगेचे तोंड पिस्टनमधील खिळीवर नीट बसले आहे का, हेही सिलिंडर चढवताना पाहावे.

क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील चांगल्या प्रतीचे घ्यावेत, यात काटकसर करू नये. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत येते, हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन पकडतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यानेही या जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण काहीसे पातळच होते. त्यामुळे इथेनॉलला टिकणारी पेट्रोलची नळी घालावी, काही किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावा, आणि प्लग पांढरट दिसला तर मुख्य जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारी तोटी) एका मापाने मोठा करावा. प्लगचा रंग फिकट तपकिरी आला की मी निश्चिंत होतो. गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकीत ऑइल मिसळलेले पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नये.

वर्धेकर

रंगाविषयी माझे मत स्पष्ट आहे, आणि ते अनेकांना पटणार नाही याची मला कल्पना आहे. टाकीवरील मूळ रंग आणि रेघा शाबूत असतील, तर त्यांना हात लावू नये. मडगार्ड पुन्हा केव्हाही रंगवता येतात, टाकीवरील कारखान्यातील रेघा मात्र एकदा घासल्या की संपल्या. माझ्याकडे काही जुन्या गाड्या आहेत आणि मी घेताना नेहमी आधी टाकीखालचा भाग, बाजूच्या डब्यांची आतली बाजू आणि हेडलाइटच्या वाटीच्या आत पाहतो, कारण मूळ रंग तेथे दिसतो. जेथे सगळेच चकाचक आहे तेथे पुट्टीखाली काय दडले आहे, हे मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचे पैसे मी कमी देतो.

टाकीला आपण फक्त सौम्य रबिंग कंपाउंड आणि मेण लावावे. मडगार्ड आणि डब्यांचा गंज उघड्या पत्र्यापर्यंत काढून इपॉक्सी प्रायमर, त्यावर सरफेसर, मग ८०० नंबरचा पाण्याचा पेपर आणि शेवटी काळा रंग, असे करावे. हा काळा टाकीच्या उतरलेल्या काळ्याशी जुळवून घ्यायला रंगाच्या दुकानात टाकीच घेऊन जावे. हार्डनर घालून मारायच्या दोन घटकांच्या रंगांत आयसोसायनेट असते, ते फुप्फुसांना घातक आहे; तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क हवा, आणि तो नसेल तर हे एक काम बाहेर द्यावे.

रंग मारण्याचा हंगामही महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, पत्रा इतका तापलेला असतो की रंग पसरण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. शिवाय लू सुटली की धूळ बसते. पावसाळ्यात हवेतील ओल रंगात धरली जाऊन पांढरट झाक येते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दव ओसरल्यावर आणि संध्याकाळचा गारवा येण्यापूर्वी काम केले, तर घरच्या अंगणातही चांगला परिणाम मिळतो.

गोरेवाडा

लेथवाला भाऊ आणि वर्धेकर साहेब, दोघांचे मनापासून आभार. टाकी आहे तशीच ठेवण्याचे ठरवले आहे. चुलत बहिणीला हे कळवले तेव्हा तिलाही समाधान वाटले, कारण त्या रेघा तिच्या आठवणीतल्या आहेत.

सिलिंडर आणि पिस्टन एकत्रच कारखान्यात दिले. तेथील वयस्कर कारागिरांनी माझ्यासमोर डायल गेज लावून क्रँक फिरवून दाखवला आणि मी पोर्टच्या कडांविषयी विचारले, तेव्हा ते प्रसन्न होऊन म्हणाले की हे आता कोणी विचारत नाही. चेसिसला पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून चढवणे) करावे का, याबद्दल मात्र मला शंका आहे.

रामटेक_रायडर

पावडर कोटिंगबद्दल माझा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. मी एक यामाहा आरएक्स १०० घेतली होती, तिची चेसिस विकणाऱ्याने कोटिंग करून घेतलेली होती. कोटिंगवाल्याने क्रमांकाची जागा झाकली नव्हती, त्यामुळे जाड थराखाली आकडे बुजले. नावावर करण्याच्या वेळी तपासणीत क्रमांक वाचता येईना, आणि विकणारा फोन उचलेना. तो थर रासायनिक द्रावणाने फक्त त्या जागेपुरता काढून, आकडे स्वच्छ करून, पुन्हा तपासणीला उभे राहावे लागले. क्रमांक खरे होते म्हणून प्रकरण निभावले.

कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांना होते. त्यामुळे चेसिसमधील सगळे रबर बुश आणि बेअरिंगच्या वाट्या आधी काढाव्यात, आटे आणि अर्थिंगची वायर जोडण्याच्या जागा उष्णतेला टिकणाऱ्या पट्टीने झाकून घ्याव्यात, आणि क्रमांकाची जागा स्वतः झाकून द्यावी. हे कोटिंगवाल्यावर सोपवू नये.

कागदोपत्री

हा धागा वाचून समाधान वाटले, कारण जुन्या गाड्यांच्या चर्चेत कागदांचा विषय सहसा शेवटी आणि घाईत येतो. मी वकिली करते आणि मोटार अपघात दाव्यांची कामे पाहते, त्यामुळे या बाजूने थोडे सविस्तर लिहिते.

गोरेवाडा दादा, आपल्या बाबतीत नोंदणीकृत मालक हयात नाहीत, म्हणून थेट विक्री करता येणार नाही. आधी वारसाच्या नावे हस्तांतरण करावे लागेल. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि इतर वारसांची संमती लागते. नियमाप्रमाणे हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत व्हायला हवा, पण उशीर झाला म्हणून मार्ग बंद होत नाही, दंड भरून तो करता येतो. काकांच्या सहीचे कोरे फॉर्म घरात सापडले तरी ते वापरू नयेत. मृत व्यक्तीच्या सहीने मागाहून केलेली विक्री हा सरळ सरळ बनावट दस्तऐवज ठरतो.

दुसरे म्हणजे नोंदणीची मुदत. मोटार वाहन कायदा, १९८८प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे टिकते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२पासून यासाठी दुचाकीचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील दुचाकीसाठी ते २,००० रुपये झाले आहे. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. उशिरासाठी दरमहा अतिरिक्त शुल्काची तरतूद आहे, त्यामुळे वर्षानुवर्षे बंद असलेल्या गाडीचा एकूण आकडा किती होतो, हे दुरुस्तीवर मोठा खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून समजून घ्यावे.

आपली गाडी जुलै १९८९पूर्वी नोंदलेली असेल, तर तिचा क्रमांक एमएच ३१ असा नसून जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरांचा असेल. अशा गाड्यांची नोंद कित्येकदा फक्त कार्यालयाच्या जुन्या नोंदवहीत असते आणि वाहन या संगणकीय प्रणालीत आलेली नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते. तोपर्यंत ऑनलाइन अर्ज, विमा आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी, सगळेच अडते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९पूर्वीच्या वाहनांनाही ही पट्टी सक्तीची झाली असून दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर आहे.

रंग बदलायचा झाला तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. आपण काळाच ठेवला आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. धुराच्या तपासणीची भीती बाळगू नये. एप्रिल २०००पूर्वीच्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे, आणि सायलेन्सरमधील कार्बन काढलेली, ऑइलचे प्रमाण नीट राखलेली टू-स्ट्रोक त्यात बसू शकते.

जाहिरातीत या गाडीला विंटेज म्हणू नये. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात फारसा बदल न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकीच विंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. घेणाऱ्याची दिशाभूल झाली, तर तक्रार आपल्यावर येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गाडी ताब्यात देताना केवळ स्टॅम्प पेपरवरील करारावर किंवा सही केलेल्या फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि फॉर्म ३० (हस्तांतरणाचा अर्ज) यांवर विसंबू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की अपघाताच्या दिवशी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच मालक धरला जाईल. त्या प्रकरणातील गाडी मधल्या काळात अनेक हातांतून गेली होती, तरी नुकसानभरपाईची जबाबदारी पहिल्या नोंदणीकृत मालकावर आली. माझ्यासमोर असे पक्षकार बसलेले असतात, ज्यांनी गाडी विकून कित्येक वर्षे झालेली असतात आणि घेणाऱ्याचा चेहराही त्यांना आठवत नाही. म्हणून विक्रीची सूचना १४ दिवसांत द्यावी, आणि शक्य असेल तर नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत गाडी आपल्याच अंगणात ठेवावी.

गोरेवाडा

कागदोपत्री ताई, आपण एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आम्ही सगळी भावंडे आपले ऋणी आहोत. नोंद प्रणालीत चढवून घेतली आहे, संमतीपत्रे मागवली आहेत आणि फॉर्म ३१चा अर्ज केला आहे. त्यानंतरच नूतनीकरणाची तपासणी होईल.

गाडी आता सुरू झाली आहे. पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) साफ करून, गॅप फीलर गेजने लावून आणि नवा कंडेन्सर घालून थंड इंजिन थोड्या किकांत सुरू होते. दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या कार्बनने जवळपास बुजलेल्या होत्या. त्या साफ केल्यावर गाडीचा तो ओळखीचा खणखणीत ठेका परत आला. आता मुख्य प्रश्न किमतीचा. संकेतस्थळांवर याच मॉडेलच्या मागणीचे आकडे एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट दिसतात.

लेथवाला

जाहिरातीतील आकडा हा मागणीचा असतो, सौदा त्यावर झालेला नसतो. आपण किती खर्च केला, हेही घेणाऱ्याला देणेघेणे नसते. तो तीन गोष्टींना पैसे देतो: कागद स्वच्छ आहेत का, इंजिनात केलेले काम दाखवता येते का, आणि मूळ भाग किती शिल्लक आहेत.

म्हणून बोअरची पावती, पिस्टनचा डबा, क्रँकची पावती आणि बदललेले जुने भाग एका खोक्यात ठेवा आणि गाडीसोबत द्या. जुना पिस्टन हातात घेऊन पाहणाऱ्या जाणकाराला पुढचे काही सांगावे लागत नाही. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण, म्हणजे आठवडा आणि वर्ष, तिचाही फोटो जाहिरातीत द्या. ज्या भागांचे काम केलेले नाही, त्यांची यादी स्वतःहून लिहा. क्लच प्लेटा जुन्याच असतील तर तसे लिहा. असे लिहिल्याने किंमत पडत नाही, उलट घासाघीस कमी होते, असा माझ्या ग्राहकांचा अनुभव आहे.

रिंगा बसेपर्यंत गाडी स्वतः चालवा. रामटेकचा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता त्यासाठी चांगला आहे. मध्ये मध्ये थांबून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, एकाच वेगाने सलग चालवू नये आणि उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी खेचू देऊ नये, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होते आणि पिस्टन कोरडा पडतो. विकल्यावर ही गोष्ट घेणाऱ्याला समोर बसवून सांगा. नवी पिढी फोर-स्ट्रोकवर शिकलेली आहे, तिला हे ठाऊक नसते.

वर्धेकर

घेणारा येणार असेल त्या दिवशी सकाळी गाडी सुरू करून ठेवू नये. मी नेहमी आधी सिलिंडरच्या पाकळ्यांना हात लावतो, आणि इंजिन कोमट लागले तर थंड असताना सुरू होण्यात काही दोष आहे, असेच समजतो.

चक्कर मारायला देताना मूळ परवाना पाहावा आणि काही रक्कम किंवा त्यांची स्वतःची गाडी आपल्याकडे ठेवून घ्यावी. बयाणा बँकेतूनच घ्यावा, त्याची पावती द्यावी आणि पैसे खात्यात जमा झाल्याचे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये पाहूनच खात्री करावी, समोरच्याच्या मोबाइलवरील चित्रावर नव्हे. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असे कोणी सांगितले तर तेथेच संवाद थांबवावा, कारण पैसे स्वीकारायला पिन लागतच नाही.

रामटेक_रायडर

नागपूरची गाडी घ्यायला छिंदवाडा आणि सिवनीकडून बरेच लोक येतात. दुसऱ्या राज्यात गाडी जाणार असेल तर कोणते कागद लागतात, हे कागदोपत्री ताईंनी कृपया सांगावे. माझा मित्रही जुन्या गाड्या दुरुस्त करून विकण्याचा नियमित व्यवसाय करण्याच्या विचारात आहे, त्याला काही वेगळे नियम आहेत का?

कागदोपत्री

दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी फॉर्म २८वर ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि गाडीवर जुने कर्ज नोंदलेले असेल तर आधी फॉर्म ३५ने ते उतरवावे लागते. कित्येक जुन्या पुस्तकांत फेडलेल्या कर्जाची नोंद तशीच राहिलेली असते आणि कर्ज देणारी संस्था बंद झालेली असते, म्हणून ते पान अवश्य पाहावे. घेणाऱ्यानेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर गाडी चोरीची नाही ना, हे इंजिन आणि चेसिस क्रमांक टाकून तपासावे. दिल्ली राजधानी क्षेत्रातील घेणाऱ्याला मात्र आधीच सांगावे की तेथे १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंधांचा प्रश्न आहे.

घरची एखादी गाडी विकणे आणि गाड्या घेऊन विकण्याचा व्यवसाय करणे, या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. १ एप्रिल २०२३पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आवश्यक झाले आहे. मालकाने गाडी विक्रेत्याकडे दिल्याची सूचना फॉर्म २९सीने द्यायची असते, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी विक्रेत्याकडे जाते. आपल्या मित्राने दुकान थाटण्यापूर्वी हे करून घ्यावे. दुसऱ्यांच्या नावावरील गाड्या फक्त सह्या केलेल्या फॉर्मवर फिरवत राहण्याची पद्धत आपल्या शहरात रूढ आहे, आणि तिची किंमत अपघातानंतर कोणातरी तिसऱ्याच कुटुंबाला मोजावी लागते. या विषयावर मी कठोर बोलते याची मला जाणीव आहे, पण मृताच्या पत्नीला भरपाईसाठी गाडीचा खरा मालक शोधत फिरताना मी पाहिले आहे.

गोरेवाडा

धाग्यावर सहभागी झालेल्या सर्वांना कळवतो की व्यवहार पूर्ण झाला. नूतनीकरणाची तपासणी पार पडली, विमा उतरवला आणि जाहिरात टाकली. जाहिरातीत टाकीच्या फिकट रेघांचे, क्रमांकांच्या जागेचे, टायरच्या खुणेचे फोटो आणि थंड इंजिन सुरू होतानाची चित्रफीत दिली, तसेच क्लच प्लेटा आणि स्पीडोमीटरचे काम केलेले नाही, हेही लिहिले.

सर्वांत जास्त रक्कम सांगणाऱ्या गृहस्थांना गाडी त्याच दिवशी न्यायची होती आणि नावावर नंतर करू, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना मी नम्रपणे नकार दिला. काटोलचे एक शिक्षक, ज्यांच्या वडिलांकडे पूर्वी याच मॉडेलची गाडी होती, त्यांनी त्याहून थोडी कमी रक्कम सांगितली, पण कागदांची पद्धत त्यांनी एका शब्दात मान्य केली. अर्ज आम्ही सोबत बसून भरला. आरसीवर त्यांचे नाव चढल्याचे प्रणालीत दिसल्यानंतर उरलेली रक्कम खात्यात आली आणि मग किल्ली दिली. मिळालेल्या रकमेतून खर्च वजा जाता जे उरले, ते चुलतभावंडांमध्ये वाटले.

देताना जुन्या भागांचे खोके, सगळ्या पावत्या आणि एक कागद सोबत दिला. त्या कागदावर पेट्रोलमधील ऑइलचे प्रमाण, प्लगचा प्रकार, पॉइंटचा गॅप, कार्बोरेटरमधील जेटचे माप आणि उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद न करण्याची सूचना लिहिली आहे. लेथवाला भाऊ, तुमच्या कारखान्याचा पत्ता मी त्यांना तुमच्या परवानगीने द्यावा म्हणतो; क्लच प्लेटा बदलायला ते पुढच्या महिन्यात नागपुरात येणार आहेत.